गिलाव्याची चीर

जळगावात मेहरूणच्या तलावाकडे एक जुनी कॉलनी आहे. तिथे आपलं घर असावं, असं मला लग्न होऊन या शहरात आले तेव्हापासून वाटत होतं. आम्ही राहायचो भर शहरात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावर थेट गच्ची. मे महिन्यात दुपारी नळ सोडला की पाणी हाताला चटका द्यायचं. रविवारी सकाळी मी, नवरा आणि मुलगी तलावावर फिरायला जायचो आणि परत येताना त्या कॉलनीतून मुद्दाम हळू चालायचो. बैठी घरं, प्रत्येकापुढे अंगण, कुठे सीताफळ, कुठे कढीपत्ता, तारेच्या कुंपणावर बसलेले बुलबुल. तलावावरून वारा आला की ओल्या मातीचा आणि शेवाळाचा वास यायचा. सरकारी नोकरदारांनी फार पूर्वी प्लॉट घेऊन, जमेल तशी एकेक खोली वाढवत बांधलेली ही घरं. ती सहसा विकायला निघत नाहीत. निघाली तरी बाहेर कळायच्या आत कुणाच्या तरी मेव्हण्याला जातात.

मी कोर्टात स्टेनो आहे. दिवसभर लोकांच्या साक्षी टाइप करते. माणूस खोटं बोलायला लागला की कुठे थांबतो, हे मला नुसत्या आवाजावरून कळतं, असं मी घरी बढाईने सांगायचे.

एका एप्रिलमध्ये ऑफिसातल्या शिपाईबाईंनी सांगितलं की तिकडे एका म्हाताऱ्या जोडप्याला घर विकायचं आहे. आम्ही त्याच संध्याकाळी गेलो. दार उघडलं ते पोस्टातून निवृत्त झालेल्या आबांनी. पांढरा पायजमा, बंडी, आणि हातात पाण्याचा तांब्या, कारण बेल वाजली की आधी पाणी घेऊनच दारात जायची त्यांची सवय. मागे अक्का, त्यांच्या बायको, भिंतीला धरून उभ्या. गुडघे गेले होते. मुलगी चाळीसगावला दिली होती, आता तिच्याजवळ राहायला जायचं ठरलं होतं. आबा आमच्याशी शहरी मराठीत बोलत होते, पण आत वळून अक्कांना म्हणाले, "पाहुना उनात, चहा मांड." ते ऐकून मी पटकन म्हणाले, "आबा, मी दोंडाईचाकडली शे."

आबांचा चेहरा बदलला. "आपलीच शे ना मंग!" ते अक्कांकडे बघून म्हणाले. त्यानंतर घर दाखवणं झालं नाही, पाहुणचार झाला. मी मुद्दाम अहिराणीत बोलत राहिले. माझ्या मुलीशी मी घरी कधी अहिराणीत बोलत नाही. त्या दिवशी मात्र बोलले, आणि का बोलले हे मला तेव्हाही माहीत होतं.

घर मला हवंच होतं. तीन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून एक छोटी खोली. तिच्या खिडकीतून कुंपणापलीकडे तलावाचा बांध दिसायचा. आबांनी सांगितलेली किंमत रास्त होती, पण आमच्या आवाक्याच्या थोडी वर होती. थोडीच. कर्ज वाढवून, माझा एक दागिना मोडून भागलं असतं. हे मी इथे लिहून ठेवते, कारण नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं की आमचा नाइलाज होता. नाइलाज नव्हता.

पुढच्या वेळी आम्ही नवऱ्याच्या चुलत भावाला घेऊन गेलो. तो एका बिल्डरकडे साइटवर देखरेख करतो. लोक त्याला इंजिनिअर म्हणतात, तोही नाही म्हणत नाही. त्याने भिंती ठोकून पाहिल्या, गच्चीवर जाऊन आला. मागच्या छोट्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली जमिनीपर्यंत एक चीर गेली होती, केसापेक्षा जाड, काडीपेक्षा बारीक. तिच्यावरून त्याने नखं फिरवली आणि अंगणात येऊन मला हळूच म्हणाला, "वहिनी, डोळे झाकून घ्या. घर दणकट आहे."

"आणि ती चीर?"

"गिलाव्याची आहे. वरच्या वर. काही होत नाही."

आबा आत चहाचे कप मांडत होते. मी म्हणाले, "त्यांच्यासमोर असं बोलू नका. ओल आहे म्हणा. पाया बसतोय म्हणा."

तो हसला. नवरा कुंपणाकडे बघू लागला. माझा नवरा चुकीच्या गोष्टीला हो म्हणत नाही, पण नाहीही म्हणत नाही.

चहा पिताना चुलतदिराने ते इतकं सफाईने सांगितलं की क्षणभर मलाही खरं वाटलं. खाली काळी माती, ती पावसात फुगते, उन्हात आक्रसते. त्यात तलावाची ओल. मागच्या बाजूचा पाया हळूहळू बसतोय. आज ना उद्या भिंत काढावी लागेल. आबा ऐकत होते. मग ते उठले, त्या खोलीत गेले आणि भिंतीवर तळहात टेकून उभे राहिले. घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा हात ठेवला होता त्यांनी.

"मी स्वतः पाणी मारलंय हिला," ते म्हणाले. "ड्युटीला जायच्या आधी आणि आल्यावर. एकवीस दिवस. एक दिवस चुकवला नाही."

अक्का दारातून म्हणाल्या, "मी सांगेल व्हतं ना तुमले, पाया खोल ल्या. तव्हय ऐकं नही."

आबांनी भिंतीवरचा हात काढून घेतला. मी खाली बघून बिस्कीट खाल्लं.

त्यांनी किंमत उतरवली. आम्ही मागितली त्याहूनही थोडी जास्तच उतरवली, कारण "लहान मुलगी आहे तुमच्या घरात, दुरुस्तीला हाताशी असू द्या." खरेदीखताच्या दिवशी अक्कांनी मला घरभर फिरवलं. कुठल्या खिडकीतून रात्री वारा येतो, पावसाळ्यात कुठल्या कोपऱ्यात धामण निघते आणि तिला मारायचं का नाही, पांढरे बगळे सकाळी किती वाजता बांधावर उतरतात, सगळं सांगितलं. लोणच्याची एक मोठी बरणी तिथेच ठेवून गेल्या. "चाळीसगावले नेताना फुटी जाई," म्हणाल्या.

घर आम्हाला लाभलं, असं लोक म्हणायचे. खरंच होतं ते. बाहेर जमीन भाजत असताना मागच्या खोलीत दुपारी झोप लागायची. मुलगी खिडकीत बसून पाणकावळे मोजायची. शेजारी एक मारवाडी कुटुंब, कापडाचं दुकान असलेलं. त्यांच्या घरच्या भाभी पहिल्याच आठवड्यात गट्ट्याची भाजी घेऊन आल्या. शहरात इतकी वर्षं राहून मला दारात येऊन भाजी देणारं कुणी भेटलं नव्हतं.

पहिल्या दिवाळीनंतर एका सकाळी आबा दारात उभे. चाळीसगावहून गाडीने आले होते. हातात कापडी पिशवी. त्यांनी आधी अक्कांनी दिलेल्या कुरडया काढल्या, मग वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची एक अरुंद पट्टी, आणि डब्यात थोडं पांढरं प्लास्टर.

"एकाने सांगितलं," ते म्हणाले, "चिरेवर काच आडवी चिकटवून ठेवायची. भिंत हलली तर काच फुटते. निदान आपल्याला आधी कळेल."

त्यांनी वाटीत प्लास्टर कालवलं आणि गुडघ्यावर बसून काच चिकटवली. काच अगदी सरळ बसली. मग त्यांनी खोलीत नजर फिरवली. भिंतीला लागून मुलीची खाट होती.

"पोरगी इथे झोपते?"

"हो."

"ताई, तिची खाट काढा इथून. माझं ऐका."

आम्ही दोघांनी मिळून खाट हलवली, खिडकीपासून दूर, दाराजवळ. मी एक बाजू धरली, आबांनी दुसरी. तेव्हा सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही. पण त्यांनी पाणी मागितलं आणि मी पाणी आणायला गेले.

शाळेतून आल्यावर मुलीने विचारलं, "भिंत पडणार आहे का?" मी म्हटलं, "नाही गं." "मग खाट का हलवली?" मी तिचं दप्तर उचलून खुंटीला अडकवलं. त्यानंतर ती त्या खोलीत दिवा चालू ठेवून झोपायला लागली. रोज शाळेत जायच्या आधी काच फुटली का ते बघायची.

आबा दर दोन-तीन महिन्यांनी येऊ लागले. कधी गवार, कधी सांडगी मिरच्या, कधी नुसतेच. आले की आधी मागच्या खोलीत. काच शाबूत बघून त्यांचे खांदे खाली यायचे. मग जेवायचे. पावसाळ्यात तलाव भरल्याचं कुठून कळलं की फोन. "ओल चढली का? वास येतो का?" मी म्हणायचे, "नाही आबा, काही नाही." ते म्हणायचे, "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगता."

एकदा भाभी माझ्याशी कुंपणापाशी बोलत होत्या. "आबाजी आले की आमच्याकडेही येतात," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना सांगतात, मी त्या पोरीला खराब घर विकलं. आमच्या ह्यांनी तर घाबरून आपल्या भिंती तपासून घेतल्या. त्या कोपऱ्यावरच्या सरांनीसुद्धा." मी हसल्यासारखं केलं. घरात येऊन ओट्यापाशी उभी राहिले. मी एका माणसाशी बोललेलं खोटं गल्लीभर फिरून लोकांच्या भिंती ठोकत होतं.

त्या दिवशी नवऱ्याला म्हणाले, "आपण सांगून टाकू या."

"आता?" तो म्हणाला. "आता सांगून त्यांना काय वाटेल?"

त्याच्या या वाक्यामागे मी आणखी काही महिने लपले.

मग गेल्या वर्षी, थंडीच्या सुरुवातीला, आबा एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आले. मिस्त्री नशिराबादचे. हेच घर त्यांनी तरुणपणी बांधलं होतं. आता एका डोळ्याला मोतीबिंदू, तरी कमरेला थापी खोचलेली. आबांनी सिमेंटची गोणीही रिक्षात घालून आणली होती.

"मी ही भिंत करून देतो," आबा म्हणाले. "खर्चाचं बोलू नका. मला आता हे सहन होत नाही. रात्री जाग येते आणि तुमची पोर डोळ्यांपुढे येते."

मी नको नको म्हणत राहिले. मिस्त्रींनी तोवर काच काढून बाजूला ठेवली आणि छिन्नी लावली. गिलावा खपल्यांनी पडू लागला. खोलीभर धूळ झाली. हातभर रुंदीची पट्टी उघडी पडल्यावर मिस्त्रींनी पाण्याचा हबका मारला, डोळा भिंतीला लावून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जमिनीवर बसून घेतलं.

"आबा, विटेला काही नाही. एक सांधा सुटलेला नाही. ही तर गिलाव्याची चीर."

"नीट बघा."

"नीटच बघतो. मी बांधलंय. कोण बोललं पाया बसला?" मिस्त्रींचा आवाज चढला. "त्या इंजिनिअरला बोलवा. माझ्यासमोर बोलू दे."

आबा माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत संशय नव्हता. ते फक्त त्या माणसाचा फोन नंबर मागणार होते, एवढंच.

"आबा," मी म्हणाले, "त्यांनी तसं म्हटलं नव्हतं. घर दणकट आहे असंच ते मला म्हणाले होते. पाया बसलाय असं तुमच्यासमोर सांगा, हे मी सांगितलं त्यांना. भाव कमी व्हावा म्हणून."

मिस्त्री उठले आणि थापी धुवायला म्हणून बाहेर निघून गेले. आबा उभेच होते. केसांवर, भुवयांवर पांढरी धूळ.

"म्हणजे पाया बसलेला नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तेव्हाही नव्हता?"

"नाही आबा. कधीच नव्हता."

ते मुलीच्या खाटेवर बसले. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर लावला.

"अवं, आयक," ते अक्कांना म्हणाले. "घर चांगलं शे. बठ्ठं धड शे. मिस्तरीनी भिंत उघडीसन दखं." अक्कांनी तिकडून काही विचारलं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नही, नही. त्या इंजिनिअरनी चूक व्हयनी. व्हस माणूसनी चूक."

आणि फोन माझ्या हातात दिला. अक्का रडत होत्या. "माय, मले लई बरं वाटनं," त्या म्हणत होत्या. "मी त्यास्ले किती बोलनू. तुले काय सांगू, किती बोलनू." मी "हो अक्का, हो अक्का" एवढंच म्हणत राहिले.

मिस्त्रींनी गिलावा पुन्हा भरून दिला. आबांनी चहा अर्धा घेतला. जेवायला थांबले नाहीत. जाताना दारात मला म्हणाले, "पोरीची खाट जागेवर घ्या."

संध्याकाळी मी मुलीला सगळं सांगितलं. ती सगळं ऐकून शेवटी म्हणाली, "म्हणजे मी उगाच घाबरत होते? तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. तिने खाट स्वतः ओढत नेली. मी मदतीला हात लावला तर म्हणाली, "राहू दे, मी करते." तेव्हापासून ती दिवा घालवून झोपते. पण मी काही सांगितलं की माझ्याकडे जरा वेळ बघते आणि मग मान हलवते.

आबा आले नाहीत. दोन महिने वाट पाहून मी एकटीच चाळीसगावला गेले. त्यांच्या मुलीच्या घराच्या मागे आबा-अक्कांची एक खोली, पुढे सिमेंटचं छोटं अंगण, तिथे पाच-सहा कुंड्या. अक्कांनी मला बघून दोन्ही हात पुढे केले. "ये माय, बठ." कळण्याच्या भाकरी, शेवेची भाजी, बसून वाढत होत्या आणि बोलत होत्या. या घरात त्यांना कोंडल्यासारखं होतं, तलावाचा वारा आठवतो, पण घर आपल्या माणसाच्या हातात आहे म्हणून जीव शांत आहे. आबा भिंतीला टेकून जेवत होते. मला त्यांनी दोनदा भाजी घ्यायचा आग्रह केला, कुठल्याही पाहुण्याला करावा तसा.

निघताना ते मला रिक्षापर्यंत सोडायला आले. मी वाटेत म्हणाले, "आबा, तेव्हा जेवढी रक्कम कमी केली, ती आम्ही देतो. थोडी थोडी करून देतो."

"घ्यायची तर हिला कारण सांगावं लागेल," ते म्हणाले.

"मी सांगते. आत्ता परत जाऊन अक्कांना सांगते."

"नको." ते थांबले. रस्त्यावरून उसाची ट्रॉली चालली होती, ती त्यांनी जाऊ दिली. "घराचं काही नाही. मला विकायचंच होतं. पण ताई, एवढे दिवस मी हिच्यापुढे मान वर करून बोललो नाही. आयुष्यात एक गोष्ट स्वतःच्या हाताने केली, ती पण खराब केली, असं वाटायचं. ती बोलायची आणि मी ऐकून घ्यायचो."

मी "माफ करा" म्हणाले. ते इतकं लहान वाटलं की दुसऱ्यांदा म्हणवलं नाही.

"तिला सांगू नका," ते म्हणाले. "तिला तिथे आपली एक लेक आहे असं वाटतं. राहू द्या तेवढं." रिक्षा आली. त्यांनी रिक्षावाल्याला स्टेशन सांगितलं आणि मी बसायच्या आधीच वळले.

अक्का अजून दर रविवारी फोन करतात. बगळे उतरले का, सीताफळाला फळ धरलं का, धामण दिसली का, विचारतात. मी सगळं नीट बघून ठेवते आणि सांगते. बोलताना मागून आबांच्या खोकण्याचा आवाज येतो. अक्का म्हणतात, "थांब, त्यास्ले देस." मग फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज, आणि काही वेळाने पुन्हा अक्काच.

"अंगणमा गयात वाटतं," त्या म्हणतात. "झाडेस्ले पानी घालाले."